फुटपाथवरची दुकानाची पाटी

खाणावळीबाहेर 'आजची थाळी'ची पाटी, झेरॉक्सवाल्याचा दोन पायांवर उघडणारा बोर्ड, मोबाइलच्या दुकानाचा स्टँडी. धंदा चालायचा तर दिसायला हवं, हे खरंच. पण फुटपाथ सार्वजनिक रस्त्याचाच भाग आहे, दुकानाचं अंगण नव्हे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २३१ नुसार फुटपाथवर विनापरवाना ठेवलेली वस्तू आयुक्त नोटीस न देताही उचलू शकतात. मुंबईत हाच अधिकार १८८८ च्या कायद्यातल्या कलम ३१४ ने मिळतो. म्हणजे पालिकेची गाडी पाटी उचलून घेऊन गेली, तर 'आधी सांगितलं नाही' ही तक्रार टिकत नाही.

चालायला जागा किती हवी? इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत निवासी भागात किमान १.८ मीटर आणि व्यापारी भागात २.५ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. आपल्याकडे विजेची डीपी, झाड आणि दुचाक्या यांतून एवढी जागा उरते कुठे?

सर्वांत जास्त त्रास अंध माणसाला होतो. उभ्या रेघांच्या पिवळ्या फरश्या त्याला वाट दाखवतात आणि नेमकी त्यांच्यावरच पाटी उभी असते. त्याची पांढरी काठी बोर्डाच्या दोन पायांमधून आरपार जाते, काहीच लागत नाही, आणि पुढच्या पावलाला नडगी आपटते. व्हीलचेअर तर थेट रस्त्यावर उतरते.

एडिंबरा शहराने नोव्हेंबर २०१८ पासून अशा पाट्यांवर सरसकट बंदी घातली. आपल्याकडे निदान पाटी दुकानाच्या पायरीवर किंवा भिंतीला सपाट लावावी. त्यासाठी परवाना लागतो का, हे आधी क्षेत्रीय कार्यालयात विचारून घ्यावं.