टोपपदराच्या गावाला

दिवाळीच्या आवराआवरीत आईने माळ्यावरून आजीची गोधडी खाली काढली. वरचे कापड पार विरले होते म्हणून उसवायला घेतली, तर आत एकावर एक पसरलेली तीन लुगडी निघाली. सगळ्यात खालचे होते डाळिंबी इरकल. अंगाचे सूत हात लावताच सुटत होते. उजेडासमोर धरले तर चाळणी. पदर मात्र जसाच्या तसा होता. लालभडक रेशीम, त्यात पांढरे पट्टे आणि पट्ट्यांच्या कडांना फणीसारखे दात. अंग संपून पदर जिथे सुरू होतो तिथे आडवी रेघ होती, नखाने चाचपली तरच कळेल इतकी बारीक. ती शिवण नव्हती. सुई कुठेही फिरलेली दिसत नव्हती. मग सुती डाळिंबी कापडाला रेशमी लाल कापड लागले कसे? आईला विचारले, तर ती म्हणाली, "टोपपदर म्हणतात त्याला. आजी त्याशिवायचं लुगडं घ्यायची नाही." यापुढचे तिलाही ठाऊक नव्हते.

गोधडीतला पदर, रेघेच्या दोन्ही बाजूंचे कापड राखून, कापून घेतला आणि मी इलकलला निघाले.

इलकल हे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातले गाव. गावाच्या नावातला पहिला 'ल' आपल्या तोंडी 'र' झाला आणि साडी 'इरकल' झाली. सोलापूरहून गदगकडे जाणारी गाडी भीमा ओलांडते, विजापूरला थांबते, आलमट्टीपाशी कृष्णा पार करते आणि बागलकोटला पोचते. ज्वारीची काळी राने तीच, डोक्यावरून पदर घेतलेल्या बायकाही त्याच. फक्त स्थानकावरच्या पाट्यांची लिपी बदलते. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यातच होता. पण लुगड्यांची ये-जा त्या राज्याहून फार जुनी आहे. सोलापूर, कोल्हापूर, सांगलीच्या बाजारात इरकल कधी परगावचे म्हणून विकले गेले नाही. कुणाच्याही आजीला विचारा, ती इरकल आपलेच म्हणून सांगेल.

बागलकोटहून पुढे बसने हुनगुंदमार्गे जायचे. याच टापूत ऐहोळे आहे. त्याची देवळे सगळ्यांना माहीत असतात, पण मला तिथल्या व्यापाऱ्यांचे जास्त अप्रूप वाटते. 'अय्यावोळे पाचशे' नावाची त्यांची श्रेणी मध्ययुगात दक्षिणेत सर्वदूर व्यापार करत होती. समुद्रापलीकडे सुमात्रा बेटावर 1088 सालचा त्यांचा तमिळ शिलालेख सापडला आहे. इलकलची विणकरी आठव्या शतकापासूनची असल्याचे सांगतात. ते वर्ष कुणी सिद्ध करू शकेल असे नाही, पण इतका मोठा बाजार हाताशी असलेल्या या मुलखात कापड विणले जात होते याचे मला नवल वाटत नाही. पुढे बळ्ळारीच्या आसपासच्या संस्थानिकांनी विणकरांना आश्रय दिला आणि गाव वाढले.

इलकलमध्ये माग शोधावा लागत नाही. दुपारी गल्लीत उभे राहिले की घराघरातून खटक-खटक ऐकू येते. मी ज्या घरात गेले तिथे पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा होता. खड्ड्यात पाय सोडून विणकर बसले होते आणि पायांखालच्या पावड्या आळीपाळीने दाबत होते. कन्नडमध्ये मागाला 'मग्ग' म्हणतात, लुगड्याला 'सीरे' आणि पदराला 'सेरगू'. माझे कन्नड इथेच संपते. पण त्यांच्या सुनेचे माहेर अक्कलकोटचे. ती दोन्ही भाषा एका दमात बोलायची आणि आम्हा सगळ्यांना सांभाळून घ्यायची.

आजीच्या पदरातल्या त्या रेघेचे उत्तर मिळाले ते या घरात.

कापडात उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे म्हणजे बाणा. साधारण साडीला ताणा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच असतो. अंगाचा ताणा हिरवा असेल आणि पदरात लाल बाणा घातला, तर पदर लाल होत नाही. हिरवा खालून डोकावत राहतो आणि रंग मळतो. निखळ लाल पदर हवा असेल तर तिथे ताणाही लाल आणि बाणाही लाल हवा. म्हणजे साडीच्या लांबीत मध्येच ताणा बदलायला हवा. इलकलच्या विणकराने नेमके तेच केले. अंगाचा सुती ताणा वेगळा, पदराचा रेशमी ताणा वेगळा, आणि दोन्ही एकमेकांना जोडायचे. या जोडण्याला ते 'टोपे तेनी' म्हणतात. आपला टोपपदर तो हाच.

जोडायचे काम त्या घरात अज्जी करत होत्या. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. एका बाजूला अंगाच्या ताण्याची टोके, ती फासासारखी दुमडलेली. दुसऱ्या बाजूला तसेच लाल रेशमाचे फास. अज्जी डाव्या हाताच्या चिमटीत एक सुती फास धरायच्या, उजव्या हाताने त्यात रेशमाचा फास ओवायच्या, अडकवून हलकेच ओढायच्या आणि पुढचा घ्यायच्या. असे ताण्याच्या पूर्ण रुंदीभर. एका लुगड्यात हे धागे हजारोंनी असतात. मी त्यांच्या शेजारी बसून मोजायला लागले आणि शंभराच्या आत चुकले. अज्जी मोजत नव्हत्या. त्यांचे डोळे अर्धा वेळ दारातल्या नातवाकडे होते.

काठाचीही हीच गोष्ट आहे. काठ लाल आणि अंग हिरवे असताना एकच धोटा या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवला, तर काठाच्या लालात हिरवा मिसळणार. म्हणून तीन धोटे चालवायचे. दोन काठांचे दोन, अंगाचा तिसरा, आणि जिथे अंग काठाला भेटते तिथे दोन्ही बाण्यांनी एकमेकांना अडकवून मागे फिरायचे. याला 'कोंडी' म्हणतात. धोटा एकदा इकडून तिकडे गेला की एक ओळ झाली, असे इथे होत नाही. प्रत्येक ओळीला तीन धोटे आणि दोन ठिकाणी अडकवण. एका लाल रंगाला मळू न देण्यासाठी केवढा हा खटाटोप!

ताण्याच्या जोडणीमुळे आणखी एक होते, आणि मला ते फार मोलाचे वाटते. इतर ठिकाणी लांबलचक ताणा लावून त्यावर ओळीने साड्या विणतात आणि मग कापून वेगळ्या करतात. इथे ते जमत नाही. प्रत्येक लुगड्याचा ताणा त्या लुगड्यापुरता. सहावार, आठवार की नऊवार, हे पहिला धागा लावण्याआधीच ठरते.

आणि रेशीम कुठे आहे ते पाहा. रोजच्या इरकलीत ते काठाला आणि पदराला असते, अंग सुती. उन्हात खुरपणी करणाऱ्या बाईच्या अंगाला सूत सोसते, घाम टिपते. डोक्यावरून घेतलेला पदर मात्र रेशमाचा. गर्भरेशमी इरकल परवडणाऱ्या घरात कमरेपासून पायापर्यंत रेशीम असायचे. माझ्या आजीसारख्या बाईला ते परवडत नव्हते. तिच्या वाट्याला रेशीम आले ते कपाळाशी, चारचौघांत दिसेल असे. हे लुगडे ज्याने कुणी पहिल्यांदा आखले त्याला कष्टकरी बाईचा दिवसही माहीत होता आणि तिची हौसही.

पदरात लालाचे तीन भाग आणि त्यांच्या मधे पांढऱ्याचे दोन. पांढऱ्याच्या कडेला 'हणिगे' म्हणजे फणी, नाहीतर किल्ल्याच्या तटासारखे 'कोटी कम्मली'. ज्वारीच्या कणसावरूनही एका नक्षीला नाव आहे. काठांत चिक्की आणि गोमी हे जुने. गोमी काठावरून नजर फिरवताना मला खरोखर गोमेचे पाय आठवले. अंगावर नक्षी जवळपास नाहीच, असलीच तर रेघा किंवा चौकडी. त्या मोकळ्या जागेवर धारवाडकडच्या बायका कशिदा काढतात, पालख्या, हत्ती, तुळशीवृंदावन. पण तो सुईचा वेगळा विषय आहे.

परतताना गुळेदगुड्डला उतरले. इरकलीवर चोळी हवी ती खणाची, आणि खण विणला जातो तो इथे. देवीची ओटी ज्या त्रिकोणी घडीच्या खणानारळाने आपण भरतो, तो खण पिढ्यानपिढ्या या गावाने पुरवला. जवळच बदामीला बनशंकरी आहे, इकडच्या विणकरांची देवी आणि आपल्याकडच्याही कितीतरी घरांची कुलस्वामिनी. पौष पौर्णिमेच्या यात्रेत तिच्यासमोर खण वाहणाऱ्या बायका कृष्णेच्या दोन्ही बाजूंच्या असतात. मजा अशी की इरकल ज्या गोष्टीला आयुष्यभर अडवते, ती खणाला हवीहवीशी असते. खणात ताण्याचा रंग एक, बाण्याचा दुसरा. घडी हलवली की जांभळ्यातून हिरवा चमकतो.

आता यंत्रमागावरची इरकल सगळीकडे मिळते. स्वस्त असते, रोज नेसायला बरीही असते, घेणाऱ्या बाईला मी नावे ठेवणार नाही. पण यंत्रमागावर अंग आणि पदर एकाच ताण्यावर निघतात, फास ओवायला तिथे कुणी बसत नाही. दुकानात साडी उघडली की पदराच्या सुरुवातीला उलट्या बाजूने बोट फिरवा. रेघ लागते का बघा. लाल रंग कडेपर्यंत निखळ आहे का बघा. मळका लाल आणि सपाट कापड हाती लागले तर दुकानदार काहीही सांगो, तो टोपपदर नाही. हातमागाच्या नावाने अशी साडी विकणे ही माझ्या लेखी सरळ फसवणूक आहे, कारण अज्जींच्या दिवसभराच्या कामाचे पैसे तिथे दुसऱ्याच कुणाला मिळतात.

इलकलहून निघण्याआधी मी पिशवीतून आजीचा पदर काढून अज्जींपुढे ठेवला होता. त्यांनी तो उलटा केला, खिडकीकडे धरला आणि रेघेवरून अंगठा एका कडेपासून हळूहळू नेला. मध्यावर थांबल्या. सुनेला जवळ बोलावून काहीतरी दाखवले. सून वाकून बघत मला म्हणाली, "इथं दोन फास एकातच अडकलेत, बघा. अज्जी म्हणतात, जोडणारी पोर लहान होती. नुकती शिकत असणार."

मी निरखून पाहिले. कापडावर बारीक गाठीएवढा फुगवटा होता. इतकी वर्षे तो आजीच्या डोक्यावर होता, मग गोधडीत आम्हा नातवंडांच्या अंगाखाली.

अज्जींनी सवयीने ते दोन फास नखाने सोडवायला घेतले. एकदा ओढून पाहिले. मग हसल्या, पदर गुडघ्यावर सपाट केला आणि घडी घालून माझ्या हातात दिला.