रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

30 मे 2024. ऐन नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक उष्णतेचे नऊ दिवस. नागपुरात रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या शेतावरच्या स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश दाखवले, सोनेगावच्या केंद्राने 54. बातमी मोबाईलवर फिरायला वेळ लागला नाही. खापरीच्या कापूस संशोधन संस्थेतले आणि रामटेकचे केंद्र मात्र 44 च्या आसपास होते. मग हवामान खात्यानेच खुलासा केला, की पहिल्या दोन केंद्रांचे सेन्सर बिघडले होते.

समजा, हे चार आकडे डेटाबेसच्या फॉर्ममध्ये भरून सरासरी काढायची आहे. चुकीचे दोन बाद केले. त्यांच्या जागी काय ठेवायचे?

गैरसमज: काही नसेल तिथे शून्य टाकावे.
वस्तुस्थिती: 44, 44, 0, 0 यांची सरासरी 22 येते. नवतप्यात नागपूरला 22 अंश म्हणजे कूलर विकणाऱ्यांनी दुकान बंद करावे! पावसाचेच उदाहरण घ्या: पर्जन्यमापक बघितला आणि तो कोरडा निघाला, तर पाऊस 0. कोणी बघितलाच नाही, तर ‘नल’, म्हणजे माहितीच नाही. रकान्याचे डिफॉल्ट मूल्य 0 ठेवले असेल, तर हा फरक भरतानाच पुसला जातो.

गैरसमज: रिकामे रकाने संगणक सांभाळून घेतो.
वस्तुस्थिती: ही एक्सेलची सवय. तिथे साध्या बेरजेत रिकामा सेल शून्य धरला जातो. डेटाबेसमध्ये 44 अधिक नल म्हणजे नलच. अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅमच्या फॉर्मवर चार रकाने बेरजेच्या चिन्हाने जोडून 4 ने भागा, उत्तराची जागा कोरी राहते. चूक झाल्याचा संदेशही येत नाही, त्यामुळे लोक फॉर्मच बिघडला असे समजतात. तेच आकडे एकाखाली एक चार नोंदींत असतील, तर सरासरीचे फंक्शन नल वगळून बरोबर 44 देते.

गैरसमज: ‘एनझेड’ फंक्शन लावले की काम झाले.
वस्तुस्थिती: अ‍ॅक्सेसमधले एनझेड किंवा एसक्यूएलमधले ‘कोअलेस’ नलच्या जागी आपण सांगितलेले मूल्य, इथे शून्य, धरते. बेरीज 88 येते, पण भागायचे 4 ने राहिले तर पुन्हा 22. भाजक भरलेल्या रकान्यांच्या संख्येवरून काढायला हवा.

शोधतानाही फसगत होते. ‘45 पेक्षा जास्त’ आणि ‘45 किंवा कमी’ अशा दोन याद्या काढल्या, तर मिळून दोनच केंद्रे दिसतात. नल कोणत्याच अटीत बसत नाही. ‘नल बरोबर नल’ हेही खरे ठरत नाही. म्हणून ‘इज नल’ असे वेगळे विचारावे लागते.

मूळचे 56 मात्र फेकू नये. कच्च्या नोंदीत ते राहू द्यावे, शेजारी ‘सेन्सर बिघाड’ असा शेरा द्यावा, आणि फॉर्मवर सरासरीखाली ‘4 पैकी 2 केंद्रे’ असे दिसू द्यावे. चारही केंद्रे बंद असतील तर भाजक शून्य होऊन फॉर्म अडखळेल. तेवढी अट आधीच घालून त्या दिवशी सरासरीचा रकाना कोराच ठेवावा.