मानवी हालचाल (भौतिकोपचार)

मानवी हालचाल ही भौतिकोपचाराच्या (फिजिओथेरपी) अभ्यासाची व उपचारांची पायाभूत संकल्पना आहे. स्नायू, सांधे, मज्जासंस्था यांचा स्वतंत्र अभ्यास या शास्त्रात होतोच. परंतु रुग्णाची तक्रार बहुधा एखाद्या क्रियेविषयी असते: जिना चढवत नाही, हात डोक्यापर्यंत पोहोचत नाही. अमेरिकी भौतिकोपचारतज्ज्ञ हेलन हिस्लॉप यांनी १९७५ मध्ये विकृत हालचालींचा अभ्यास, म्हणजेच पॅथोकायनेसिऑलॉजी, हे या व्यवसायाचे वेगळेपण ठरवणारे शास्त्र असल्याचे प्रतिपादन केले.

चालणे हे याचे उत्तम उदाहरण होय. एक टाच जमिनीला टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतच्या कालावधीस चालचक्र म्हणतात. नेहमीच्या गतीने चालताना प्रत्येक पाय या चक्राचा सुमारे ६० टक्के काळ जमिनीवर व ४० टक्के काळ अधांतरी असतो. एक पाय उचललेला असताना कंबरेचा भाग समतल राखण्याचे काम टेकलेल्या पायाच्या बाजूचे स्नायू, विशेषतः ग्लुटियस मीडियस हा नितंबस्नायू, करतात. ते दुबळे असल्यास उचललेल्या पायाकडची बाजू खाली झुकते. जर्मन शल्यविशारद फ्रिडरिक ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये या लक्षणाचे वर्णन केले. झुकते एक बाजू आणि दोष असतो दुसरीकडे. नवख्या निरीक्षकाची येथे फसगत होते. त्यातच अनेक रुग्ण धड दुबळ्या बाजूकडे कलते करून तोल साधतात, त्यामुळे मूळ लक्षण झाकले जाते.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात देण्याचे कारणही यातच आहे. खुब्याच्या सांध्यापासून काठी जितकी दूर, तितका तरफेचा भुज लांब. त्यामुळे हाताच्या थोड्या दाबानेही त्या स्नायूंवरचा ताण आणि सांध्यावरचा भार बराच हलका होतो. रुग्ण मात्र पुष्कळदा ती दुखऱ्या बाजूलाच धरतात.

उपचाराचे ध्येय ठरवतानाही हालचालीचा संदर्भ पाहावा लागतो. सपाट जमिनीवर चालताना गुडघा साधारण ६० अंश वाकतो, खुर्चीत बसताना सुमारे ९०. उकिडवे बसण्यास मात्र १२० अंशांहून अधिक वाकणे लागते. त्यामुळे ९० अंश वाकणारा गुडघा कार्यालयात काम करणाऱ्यास पुरेसा ठरेल, शेतात खुरपणी करणाऱ्या स्त्रीस नाही. यासाठी कोनमापकाने अंश मोजण्याबरोबरच रुग्णाकडून त्याची नित्याची क्रिया प्रत्यक्ष करवून पाहिली जाते.