विश्लेषण : एका फुंकरीत कॅन्सर ओळखता येईल?

ना सुई, ना रक्त. नळीत फुंकर मारायची आणि कॅन्सर आहे की नाही ते कळणार! ही कल्पना निव्वळ थाप नाही. पण ती अजून दवाखान्यातली नेहमीची तपासणीही झालेली नाही.

श्वासात काय असतं?
अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लिनस पॉलिंग यांनी १९७१ मध्ये उच्छ्वासात सुमारे २५० पदार्थ असल्याचं दाखवलं. त्यातले बरेचसे पदार्थ म्हणजे सहज हवेत उडणारी सेंद्रिय संयुगं. कॅन्सरच्या पेशींची चयापचय क्रिया वेगळी असते, त्यामुळे या संयुगांचं प्रमाण बदलू शकतं.

सेन्सर हा बदल कसा टिपतो?
गॅसगळतीचा इशारा देणाऱ्या अलार्ममध्ये वापरतात तेच तंत्र इथे आहे. टिन ऑक्साईडसारख्या धातूच्या ऑक्साईडचा पातळ थर साधारण २०० ते ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. हवेतला ऑक्सिजन त्यावर चिकटतो आणि थरातले इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो. त्यामुळे विजेला होणारा रोध वाढतो. अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोनसारखी वाफ आली की तिची या ऑक्सिजनशी प्रक्रिया होते, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध घटतो. ही घट मोजली जाते.

मग अडतं कुठे?
सेन्सरला वाफ आल्याचं कळतं, पण ती नेमकी कशाची हे कळत नाही. म्हणून वेगवेगळ्या ऑक्साईडचे अनेक सेन्सर एकत्र बसवतात आणि त्यांच्या प्रतिसादांचा नमुना संगणक तपासतो. यालाच ‘इलेक्ट्रॉनिक नाक’ म्हणतात. तरीही श्वासातली आर्द्रता, सिगारेट, नुकतंच खाल्लेलं अन्न, औषधं, खोलीतली हवा, दुसरा एखादा आजार यांतलं काहीही हा नमुना बदलू शकतं. शोधायची संयुगं तर अब्जात काही भाग इतकी कमी असतात. शिवाय सेन्सर जुना होत जातो तशी त्याची मोजणीही हळूहळू बदलते.

रुग्णाला फायदा काय?
फुप्फुसाचा कॅन्सर अनेकदा उशिरा लक्षात येतो. कोणाची पुढची तपासणी आधी करायची हे स्वस्त, वेदनारहित चाचणीतून ठरवता आलं, तर मोलाचा वेळ वाचेल. संशोधकांचा खटाटोप त्यासाठीच आहे.

मात्र कॅन्सरचं पक्कं निदान सहसा बायोप्सीनेच होतं. त्यामुळे खोकला तीन आठवड्यांहून जास्त टिकला किंवा थुंकीतून रक्त पडलं, तर यंत्राची वाट पाहू नका, डॉक्टरांकडे जा.