बटाट्याआधी लोणी होते

आयरिश शेतकऱ्याच्या पानात पिढ्यान्‌पिढ्या बटाटाच होता, असे सर्रास मानले जाते. पण बटाटा आयर्लंडला पोहोचला सोळाव्या शतकाच्या अखेरीस आणि गरिबांचे मुख्य अन्न झाला अठराव्या शतकात. त्याआधी शेकडो वर्षे ही घरे जगली ती दूधदुभते, ओट्स आणि बार्लीवर. दलदलीत पुरून ठेवलेले लोणी पीट (दलदलीतली जळाऊ माती) खणताना आजही हाती लागते. त्यातले काही तीन हजार वर्षांहून जुने आहे!

मग बटाटा एवढा का माजघरात शिरला? कारण खंड. जमीनदाराचा पैसा चुकता करण्यासाठी घरचे लोणी कॉर्क शहराच्या बाजाराची वाट धरी, डुक्करही विकले जाई. घरी उरे ताक. तुकडाभर जमिनीत कुटुंब पोसणारे पीक बटाट्याशिवाय दुसरे नव्हते. 1845 च्या दुष्काळापूर्वी कष्टकरी पुरुष दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई, सोबत ताक. हा आहार एकसुरी असला तरी निकस नव्हता.

1845 मध्ये बटाट्यावर करपा पडला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मेली. देशात दुसरे अन्नच पिकत नव्हते, ही समजूत मात्र खोटी आहे. त्याच वर्षांत लोणी आणि गुरे जहाजांतून ब्रिटनला जातच होती. भुकेल्याच्या खिशात ते विकत घ्यायला पैसा नव्हता, हे विसरून या दुष्काळाबद्दल बोलणे अन्यायाचे आहे.

सोडा ब्रेडही पुरातन नाही. खाण्याचा सोडा आयर्लंडमध्ये आला 1830 च्या दशकात. तिथल्या मऊ गव्हाला यीस्टची फुगवण नीट पेलत नसे. सोडा आणि आंबट ताक एकत्र आले की पीठ लगेच हलके होई. बिडाच्या भांड्यात पाव ठेवून, झाकणावर निखारे पसरून तो भाजत.

सेंट पॅट्रिक दिनाचे ‘कॉर्न्ड बीफ’ (खारवलेले गोमांस) तर अमेरिकेत गेलेल्या आयरिशांची आवड. गावाकडे सणाला शिजे ते खारवलेले डुकराचे मांस आणि कोबी.

दूधदुभत्याभोवती समजुतीही होत्या. 1937 ते 1939 या काळात आयर्लंडमधल्या शाळकरी मुलांनी घरोघरच्या वडीलधाऱ्यांकडून असे रीतिरिवाज लिहून घेतले. लोणी काढत असताना कुणी दारात आले, तर त्याने घुसळणीला हात लावायचाच. नाही तर तो घराचे लोणी घेऊन जातो, अशी समजूत होती. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी दूध किंवा चुलीतला विस्तव बाहेर देत नसत, त्यामागेही तीच धास्ती.