आजारी गाडी

गेल्या मे महिन्यात आमची गाडी विचार करायला लागली. लिव्हर 'पी'वरून 'आर'वर आणला की दोनेक सेकंद ती काहीच करायची नाही; मग कुणी ढकलल्यासारखी धाडकन मागे सरकायची. रस्त्यावर दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना इंजिन ओरडायचं, पण वेग तिथल्या तिथे. गाडी सतरा वर्षांची, मीटरवर एक लाख चाळीस हजार किलोमीटर. "बाबा, आता मोडीत द्या," मुलगा म्हणाला.

मी दिलीही असती. पण गाडी माझी नाही, पत्नीची आहे. लहानपणी पोलिओनं तिचा डावा पाय अधू झाला, आणि क्लच दाबायचा तो नेमका डाव्या पायानं. ऑटोमॅटिकला क्लचचं पेडलच नसतं, म्हणून २००८ साली कर्ज काढून ही गाडी घेतली. निवृत्त होईपर्यंत ती मुलुंडहून घाटकोपरच्या शाळेत स्वतः गाडी चालवत गेली. त्याआधी "अहो, सोडता का?" असं विचारावं लागे, नंतर ती नुसतं "मी निघते" म्हणू लागली. या दोन वाक्यांतलं अंतर एलबीएस मार्गापेक्षा मोठं आहे. आता पेन्शनमध्ये नवी ऑटोमॅटिक बसत नाही.

एका मोठ्या वर्कशॉपनं अर्ध्या तासात निकाल दिला: गिअरबॉक्स गेला. खर्च गाडीच्या किमतीहून जास्त.

मी बँकेतला माणूस. १९८५ च्या कायद्यानंतर 'आजारी उद्योग' हा शब्द आमच्या फायलींत रुळला. भांडुप-विक्रोळीच्या आजारी कारखान्यांत मी तपासणीला जायचो, तेव्हा आमचे वरिष्ठ बजावत, "ताळेबंद नंतर वाच, आधी गोडाऊन बघ." इथे गोडाऊन कुणी पाहिलंच नव्हतं.

भांडुपच्या एका गल्लीत रत्नागिरीकडचे एक वयस्क मिस्त्री आहेत. त्यांनी बॉनेट उघडलं नाही. आधी प्रश्न विचारले. झटका थंड असताना येतो की तापल्यावर? मागे घेतानाच की पुढे जातानाही? तेल कधी बदललं? शेवटच्या प्रश्नावर आम्ही गप्प. हे तेल आयुष्यभर पुरतं, असं कुणीतरी सांगितलं होतं. "कुणाच्या आयुष्यभर?" त्यांनी विचारलं. मग शेजारी बसून पत्नीला म्हणाले, "ताई, तुम्हीच चालवा."

तेलाचं एवढं महत्त्व का? साध्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांना क्लचची तबकडी जोडते. ऑटोमॅटिकमध्ये ते काम तेल करतं. दोन पंखे समोरासमोर ठेवावेत, एक सुरू करताच त्याच्या वाऱ्यानं दुसरा फिरावा, तसंच हे; वाऱ्याच्या जागी तेल. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्यानं १९०५ मध्ये जहाजांसाठी याचं पेटंट घेतलं, आणि १९४० च्या ओल्डस्मोबाइलपासून ही युक्ती मोटारींत रुळली. हेच तेल गिअर बदलणाऱ्या आतल्या तबकड्या दाबानं आवळतं, त्यांना वंगण देतं आणि उष्णताही वाहून नेतं. मेट्रोच्या कामानं अरुंद झालेल्या एलबीएस मार्गावर तासभर थांबत-सरकत जाणारी गाडी ते तेल उकळत ठेवते.

फेरीनंतर गाडी सपाट जागी, इंजिन चालू. मिस्त्रींनी लिव्हर सगळ्या घरांतून फिरवला, तेलाची पट्टी काढून पांढऱ्या फडक्यावर टेकवली. लाल, पारदर्शक हवं ते तेल चहासारखं तपकिरी होतं, वास किंचित करपट, आणि पातळी खुणेच्या खाली. "गुलाबी दूध असतं तर पाणी शिरलंय समजायचं," ते म्हणाले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर तसं दूध त्यांनी बरंच पाहिलं होतं.

तेल जात होतं कूलरच्या पाइपच्या सांध्यातून. तेल कमी म्हणून दाब कमी, दाब कमी म्हणून ती दोन सेकंदांची वाट. धाडकन बसणारा झटका मात्र गिअरबॉक्सचा नव्हताच; इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे ज्या रबरावर ते बसतं, ते फाटलं होतं. चेंबर उघडल्यावर चुंबकावर राखाडी लगदा निघाला. "हे वयाचं. चमकणारे तुकडे असते तर गिअरबॉक्स खोलावाच लागला असता."

मशीननं दाब देऊन सगळं तेल धुऊन काढायला त्यांनी नकार दिला. जुन्या गिअरबॉक्समधला गाळ उसळून बारीक वाटांत अडकू शकतो. फिल्टर बदलून निघालं तेवढंच तेल बदललं, महिन्यानं पुन्हा एकदा. खर्च वर्कशॉपच्या आकड्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी.

गाडी पूर्ण बरी झाली का? नाही. तिसऱ्या गिअरला ती अजून किंचित घसरते. "तबकडी झिजलीय. घाटात नेऊ नका. किती चालेल ते मी सांगणार नाही," मिस्त्री म्हणाले. मला त्यांचा हा शेवटचा शब्द वर्कशॉपच्या निकालापेक्षा विश्वासाचा वाटला. माझ्या फायलींतलेही थोडेच कारखाने पुरते बरे झाले. पण ज्यांची गळती वेळेत सापडली, ते कामगारांची मुलं शिकेपर्यंत तरी चालले.

काल संध्याकाळी मी लिहीत बसलो होतो. किल्ल्यांचा आवाज झाला. दारातूनच ती म्हणाली, "मी निघते."

कुठे, ते मी विचारलं नाही.