टीव्ही एकाचा, शांतता सगळ्यांची

संध्याकाळी सात ते दहा या वेळात दोन खोल्यांच्या घरात प्रत्येकाला काहीतरी वेगळे हवे असते. आजोबांना बातम्या, आजींना मालिका, दहावीतल्या नातीला अभ्यास आणि कामावरून दमून आलेल्यांना थोडी शांतता. त्यात आजोबांना कमी ऐकू येत असेल, तर टीव्हीचा आवाज चढत चढत जिन्यापर्यंत पोचतो. अशा घरात बिनतारी हेडफोन खरोखर कामाला येतो. मात्र गाण्यांसाठी उत्तम असलेला हेडफोन टीव्हीसाठीही चालेलच असे नाही. खरेदी अनेकदा फसते ती इथेच.

कारण आहे उशीर. टीव्हीतून निघालेला आवाज ब्लूटूथवरून पाठवण्यापूर्वी आकुंचित करावा लागतो, तो तुकड्या-तुकड्यांनी हवेतून जातो आणि हेडफोनमध्ये पुन्हा उलगडला जातो. नेहमीच्या ‘एसबीसी’ पद्धतीत या सगळ्याला साधारण 150 ते 250 मिलिसेकंद लागू शकतात. नुसते गाणे ऐकताना हे कळतही नाही, कारण समोर चित्र नसते. टीव्हीवर मात्र ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. क्रिकेटच्या मैदानात सीमारेषेबाहेर बसलेल्या प्रेक्षकाला फटका आधी दिसतो आणि बॅटचा आवाज नंतर ऐकू येतो, तसेच हे. सत्तर मीटर अंतर कापायला आवाजाला सुमारे 200 मिलिसेकंदच लागतात.

प्रसारण क्षेत्रासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने केलेल्या शिफारशीनुसार, आवाज चित्राच्या 125 मिलिसेकंद मागे पडला की प्रेक्षकांना ते जाणवू लागते. फोनवर व्हिडिओ पाहताना अनेक अ‍ॅप चित्रच थोडे थांबवून मेळ साधतात. टीव्हीवर सेट-टॉप बॉक्समधून येणाऱ्या कार्यक्रमाला ही सोय मिळेलच याची खात्री नसते. टीव्हीच्या सेटिंगमधला ‘ऑडिओ डिले’ सहसा आवाजाला आणखी मागे ढकलतो. आधीच मागे पडलेल्या आवाजाला त्याचा उपयोग नाही.

यावर मार्ग आहेत. ‘एपीटीएक्स लो लेटन्सी’ या पद्धतीत उशीर 40 मिलिसेकंदांच्या आसपास येतो, पण ती पाठवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या अशा दोन्ही उपकरणांत असावी लागते. टीव्हीत ती नसेल तर वेगळा छोटा ट्रान्समीटर जोडता येतो. दुसरा मार्ग म्हणजे खास टीव्हीसाठी बनवलेले रेडिओ हेडफोन. त्यांचा स्वतःचा ट्रान्समीटर टीव्हीशेजारी बसतो आणि बहुतेकदा तोच चार्जिंगचा स्टँडही असतो. आजी स्वयंपाकघरात गेल्या तरी भिंतीआडून मालिकेचे संवाद ऐकू येत राहतात. जुन्या इन्फ्रारेड हेडफोनना हे जमत नाही, कारण त्यांचा आवाज प्रकाशावर स्वार होऊन येतो आणि मधे भिंत आली की तुटतो.

खरेदीपूर्वी टीव्हीची मागची बाजू पाहावी. हेडफोनच्या सॉकेटमध्ये पिन घातली की पुष्कळ टीव्हींचा स्पीकर बंद पडतो. मग आजोबा ऐकतात आणि बाकीचे नुसते चित्र पाहतात. ‘ऑप्टिकल’ सॉकेट असेल तर बऱ्याच टीव्हींवर स्पीकर आणि हेडफोन दोन्ही चालू ठेवता येतात. ट्रान्समीटर जोडूनही आवाज आला नाही, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डॉल्बीऐवजी ‘पीसीएम’ निवडून पाहावे. अनेक ट्रान्समीटरना एवढाच साधा संकेत कळतो.

ब्लूटूथच्या नव्या ‘ऑराकास्ट’ सोयीमुळे एका टीव्हीचा आवाज एकाच वेळी अनेक हेडफोनना, अगदी काही श्रवणयंत्रांनाही पाठवता येतो. त्यासाठीही दोन्हीकडची उपकरणे त्या पद्धतीची हवीत.

गाण्यांचा हिशेब वेगळा. तिथे उशीर विसरावा आणि बसण्याची जागा पाहावी. बंद कपांचा हेडफोन बाहेरचा गोंगाट अडवतो. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये तानपुरा मोकळा, खोलीभर पसरल्यासारखा वाटतो आणि दाराची घंटाही ऐकू येते, पण गाणे शेजारी बसलेल्यालाही थोडे ऐकू जाते. गोंगाट पुसणारे हेडफोन पंखा, एसी यांच्या एकसुरी घरघरीवर चांगले चालतात. कुकरच्या शिट्टीपुढे त्यांचे फारसे चालत नाही.

आवाजाची मर्यादा मात्र दोन्हीकडे सारखीच पाळायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी 80 डेसिबलचा आवाज आठवड्यात 40 तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. 90 डेसिबलला ही मुदत अवघ्या 4 तासांवर येते. वाढत्या वयात स, श, फ यांसारखी उंच स्वराची व्यंजने आधी निसटतात, म्हणून संवाद कळत नाहीत आणि आवाज वाढवला जातो. हेडफोनने खोलीतला घुमारा टळतो, शब्द स्पष्ट होतात आणि कमी आवाजातही भागते. तरीही शब्द सुटत असतील, तर आधी कानाच्या डॉक्टरांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी.

दुकानात गेल्यावर गाणे लावून समाधान मानू नका. टीव्हीला हेडफोन जोडायला सांगा, बातम्या लावा आणि निवेदकाच्या ओठांकडे दोन मिनिटे नीट पाहा. ज्यांच्यासाठी हेडफोन घ्यायचा त्या आजी-आजोबांनाही सोबत न्या. कप कानांना टोचतो का, बटणे बोटांना सापडतात का, हे त्यांनाच ठरवू द्या.